अस्तरात शिवलेली तिकिटं

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर काम करताना तिच्या ओठांत सदा चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे त्या काढून ती बोलायला लागली, की त्या तोंडात होत्या तेच बरं होतं असं समोरच्याला वाटे. नवा कपडा तिनं क्वचितच शिवला. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, अस्तर बदलणं हे तिचं काम. चौतीस वर्षं ती लोकांचे जुने कपडे त्यांच्या बदललेल्या अंगाला बसवून देत होती. कोण सुटलं, कोण वाळलं, कोणाचा एक खांदा खाली आला, हे आधी तिला कळे आणि मग त्यांच्या घरच्यांना.

दुकानाचा एक नियम होता. कपडा हातात आला की आधी खिसे रिकामे करायचे आणि जे निघेल ते एका पाकिटात घालून कपड्यालाच टाचून ठेवायचं. सुट्ट्या संपल्या की जाड लोकरी कोट दुरुस्तीला येत, आणि त्यांच्या खिशांतून, लोक सुट्टीला जात ते डोंगरावरचं गाव थोडं थोडं तिच्या टेबलावर उतरे. सुईसारखी वाळलेली पानं. चहाच्या टपरीवरची चुरगळलेली चिठ्ठी. एकदा गुळगुळीत पांढरा गोटा, एकदा लहान मुलाचा एकच हातमोजा. आणि दर वर्षी, न चुकता, डोंगर चढणाऱ्या चिमुकल्या आगगाडीची भोक पाडलेली तिकिटं. ती हे सगळं पाकिटात घाली, पण त्याआधी क्षणभर हातावर धरी. त्या गावाला ती कधी गेली नव्हती. तिथला वारा कसा असेल, हे मात्र तिला कॉलरींवरून माहीत होतं. वर करून करून त्या घडीवर विरलेल्या असत.

तिचा नवरा लिफ्टमन होता. बारा मजल्यांच्या एका कचेरीत एकतीस वर्षं स्टुलावर बसून त्यानं लोकांना वर नेलं, खाली आणलं. मग बटणांची लिफ्ट आली आणि त्याला हार घालून घरी पाठवलं. घर चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. शेजारचे म्हणत, हलवायाच्या घरी गोड नाही म्हणतात ते हेच. तो हसून जिना चढे. दुसऱ्या मजल्यावर थांबे, कठड्याला टेकून, दम घेत नाही असं दाखवत दम घेई, आणि पुढे चढे.

त्याचं ते थांबणं मुलानं पाहिलं होतं. मुलगा वाईट नव्हता. औषधांच्या एका गोदामावर तो देखरेखीला होता, आणि सगळीकडे अपघात होण्याआधी पाटी लावायची त्याला सवय. दोन वर्षं तो मागे लागला होता, की चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या सोडा आणि आमच्याकडे या. मागची खोली त्यानं रंगवूनसुद्धा घेतली होती. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली होती. सुनेनं नवे पडदे लावले होते. टाचणीनं एकदा जाऊन ती खोली पाहिली. खिडकीसमोर भिंत. तिनं विचारलं, शिलाईचं मशीन कुठे ठेवायचं? मुलगा मायेनंच म्हणाला, आता मशीन कशाला आई, आता बसून खा.

बसून खा हे शब्द तिच्या डोक्यात आठवडाभर बसून राहिले.

त्यानंतरच तिनं डोंगरावर जायचं काढलं. विमान नाही, मोटार नाही, सहलवाल्यांची बसही नाही. रात्रीच्या गाडीनं पायथ्यापर्यंत, सकाळी त्या चिमुकल्या आगगाडीनं वर, स्टेशनाजवळ एका साध्या लॉजमध्ये दोन दिवस. नवऱ्यानं ऐकलं आणि आधी पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, बारा मजल्यांच्या वर कधी गेलो नाही मी. जाऊ.

मुलाला कळलं तेव्हा तो संध्याकाळी आला आणि बसायच्या आधीच बोलायला लागला. बाबांचा दम, तिथली विरळ हवा, लाकडी बाकं, वय. तिच्यासमोर टेबलावर कोणाचातरी झगा होता, तोंडात टाचण्या होत्या, आणि ती काहीच बोलत नव्हती. शेवटी मुलगा चिडला. ठीक आहे, जा म्हणाला. कोणाला न बोलावता वर जाऊन दाखवा आणि परत या, मग मी घर बदलायचं नाव काढणार नाही. पण मध्येच कुठे अडलात तर आल्या आल्या सामान बांधायचं.

“मान्य,” लिफ्टमन म्हणाला. तो पैज लागल्यासारखा खूश झाला होता.

टाचणी गप्प राहिली, आणि गप्प राहणं म्हणजे हो, असं दोघांनीही धरलं.

तयारी तिनं एकटीनं केली. लिफ्टमनला वस्तू हरवण्याचं वरदान होतं. चष्मा, छत्र्या, एकदा तर स्वतःचा जेवणाचा डबा तो लिफ्टमध्येच ठेवून आला आणि डबा दिवसभर वरखाली फिरत राहिला. तेव्हा रात्रीच्या गाडीची तिकिटं तिनं आपल्या पर्समध्ये ठेवली आणि डोंगरगाडीची, जायची दोन आणि यायची दोन, त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकायची ठरवली. खिसा फाटतो, टीप फाटत नाही, असं तिचं मत. कोट करड्या लोकरीचा होता. तीन वर्षांत कोणी न्यायलाच आलं नाही म्हणून मालकानं तो तिला दिला होता. तिनं तो उसवून, नवं अस्तर घालून नवऱ्याच्या मापाचा केला.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानाच्या खुंटीवर दोन करडे कोट होते. दुसरा एका गिऱ्हाइकाचा. त्याचंही अस्तर तिनंच त्याच आठवड्यात, त्याच निळ्या कापडाच्या ताग्यातून बदललं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातचं काम असतं तर तिनं बोट फिरवताच ओळखलं असतं. दोन्ही कोटांवर तिचाच हात होता, तिचेच टाके, तिचीच सवय, की काखेखाली दोन टाके जास्त. तिनं शिवण थोडी उसवली, तिकिटं आत सरकवली, पुन्हा तशीच बंद केली. मग एक कोट कागदात बांधून गिऱ्हाइकासाठी ठेवला आणि दुसरा घरी आणला.

पायथ्याच्या स्टेशनावर ते सकाळी सातला उतरले. थंडी अंगाला नुसती शिवून जात होती. मुतारीच्या भिंतीपासून जरा लांबचं बाक शोधून त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मग टाचणीनं गळ्यातली दोरीला बांधलेली छोटी कात्री काढली, नवऱ्याला कोट उतरवायला लावला आणि शिवण उसवली. आत बोट घातलं. काहीतरी करकरलं. ते कॅनव्हास होतं, कोटाची छाती ताठ राहावी म्हणून घालतात ते. तिनं हात मनगटापर्यंत आत घातला, मग दुसऱ्या बाजूची शिवणही उसवली. कोट मांडीवर कापलेल्या कोंबडीसारखा उघडा पडला होता.

तिला लगेच कळलं. एवढ्या वर्षांत एका कपड्याचं काम तिच्या हातून कधी दुसऱ्या कपड्यावर झालं नव्हतं, आणि आता पहिल्यांदा झालं ते चारी तिकिटं गिऱ्हाइकाच्या कोटात शिवण्याचं.

उघड्या अस्तराकडे आणि बायकोच्या तोंडाकडे बघून लिफ्टमन म्हणाला, “अगं, हरवण्याचं काम माझं होतं.”

ती हसली नाही, पण उसवलेला कोट तिनं त्याच्या अंगावर चढवला आणि तिकिटांच्या खिडकीकडे निघाली.

खिडकीतला माणूस सभ्य होता आणि ठाम होता. यादीत नावं दिसताहेत, पण मूळ तिकीट दाखवल्याशिवाय मी बसवू शकत नाही. नक्कल हवी तर अर्ज शहरातल्या कचेरीत. मग जरा आवाज उतरवून त्यानं सांगितलं, की शेवटच्या डब्याला जागा राखून ठेवत नाहीत, त्याची तिकिटं गाडी सुटायच्या तासभर आधी मिळतात, पण फळ्यांचं बाक आहे आणि गर्दी होते, तुमच्याच्यानं होईल का बघा.

रांगेत उभं राहिल्यावर लिफ्टमन हळूच म्हणाला, मुलाला फोन करावा का, नुसतं विचारायला.

“नुसतं विचारायला केलेल्या फोनला तो मोटार घेऊन येतो,” ती म्हणाली.

दोन तिकिटं मिळाली. डब्यात त्यांच्या समोर एक नर्स बसली होती. सुट्टी संपवून ती वरच्या दवाखान्यात कामावर परत चालली होती, आणि गाडी हलायच्या आत तिनं मोजे विणायला काढले. गाडी निघाली ती एखादी म्हातारी जिना चढते तशी, आधी अंदाज घेत, मग कुरकुरत. खालचं स्टेशन डावीकडे दिसलं, वळणानंतर उजवीकडे, मग पायांखाली. लिफ्टमन खिडकीला चिकटून बसला होता. कान बंद झाले की थुंकी गिळायची, जांभई द्यायची, हे त्यानं डब्यातल्या सगळ्यांना न विचारता सांगितलं. बाराव्या मजल्यावर जाणाऱ्या घाबरट साहेबांना आपण कसं बोलण्यात गुंतवायचो, त्याची नक्कल करून दाखवली. नर्स विणता विणता हसली. त्याला दम लागेल म्हणून सगळं घर धास्तावलं होतं, आणि हा माणूस उंची मिळाल्यावर पालवी फुटल्यासारखा दिसत होता.

तिसऱ्या तासाला टाचणीचं डोकं ठणकायला लागलं. आधी वाटलं, रात्री झोप झाली नाही म्हणून. मग दरी फिरली, फळीचं बाक फिरलं, आणि तिनं पर्समधली पिशवी जेमतेम तोंडापाशी नेली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा पोटात काही उरलंच नव्हतं. नर्सनं विणकाम ठेवलं, तिचं बोट धरून नख पाहिलं, डोळ्यांची पापणी खाली ओढली. मग सांगितलं, की पुढचं स्टेशन मधलं, तिथं छोटा दवाखाना आहे, उतरा आणि आजची रात्र तिथंच काढा; अंगालाही चढायला वेळ लागतो, त्याला घाई चालत नाही.

“अजून दोन तासच राहिलेत,” लिफ्टमन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. तो बायकोच्या कानाशी वाकला. “थोडा धीर धर. उतरलो तर अडलो असं होईल. घर जाईल आपलं.”

टाचणीनं डोळे मिटले होते. ठणक्याच्या मधल्या जागेत तिला एकदम स्पष्ट दिसलं, की हा माणूस तिच्यावर जीव टाकतो आणि तरीही तिला ओकत ओकत वर न्यायला तयार आहे. वाईटपणानं नाही. कोणीतरी घालून दिलेल्या अटीत तो बसायला बघत होता, जसे लोक दोन मापं लहान कोटात श्वास रोखून बसायला बघतात. अशांना ती नेहमी एकच सांगे: श्वास सोडा, मग माप घेते.

“उतरायचं,” ती म्हणाली.

मधलं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक घंटा आणि पत्र्याखाली तीन खोल्या. स्टेशनमास्तरनं त्यांच्या तिकिटांच्या मागे सही करून दिली, उद्या याच गाडीला चालतील म्हणाला, आणि उतारूंसाठीची एक खोली उघडून दिली. दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि पाल्हाळ न लावणारी. गोळी दिली, पाणी प्यायला लावलं, पडून राहा म्हणाली. सकाळी डोकं उतरलं असेल तर वर जा. उतरलं नसेल तर खाली, आणि त्यात वाद नको. टाचणीला ती आवडली.

दुपारी चारच्या सुमारास मुलाचा फोन आला. गिऱ्हाइकानं कोट अंगात घातला होता आणि हात वर केला की काखेत काहीतरी वाजे. तो दुकानात आला, मालकानं शिवण उसवली आणि आत चार तिकिटं निघाली. मालकानं मुलाला कळवलं. आता मुलगा विचारत होता, की तिकिटं इथं आहेत, मग तुम्ही कुठे आहात?

फोन लिफ्टमनच्या हातात होता. “गाडीत आहोत,” तो म्हणाला. “छान चाललंय. आई खिडकीतून बघतेय.”

टाचणी खाटेवर उठून बसली आणि तिनं हात पुढे केला. तो मान हलवत राहिला. तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी त्यानं फोन दिला.

तिनं सगळं सांगितलं. तिकिटं तिच्या हातून दुसऱ्याच्या कोटात गेली, स्वतः ती फळीवर बसून आली, तीन वेळा ओकली, मधल्या स्टेशनावर उतरली, डॉक्टरला दाखवलं, आता आडवी आहे. कपड्यात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं, एकही टाका न लपवता. मुलगा मध्येच म्हणाला, तिथंच थांबा, मी निघतो, सकाळपर्यंत पोचतो.

“नको.”

“आई, आपलं ठरलं होतं. अडलात की—”

“ठरलं ते तुझं आणि बाबांचं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या.”

तिनं आवाज चढवला नाही. चढवायची ताकदच नव्हती, आणि त्यामुळे शब्द सुटे सुटे, नीट ऐकू जात होते. “नीट ऐक. उद्या वर गेले तरी मी घर सोडणार नाही, आणि उद्या इथूनच खाली आले तरी सोडणार नाही. तू काळजी करतोस, ते मला कळतं. पण माझ्या घरात राहायला मला परीक्षा द्यायची नाही. ज्या दिवशी आमच्याच्यानं तो जिना चढवणार नाही, त्या दिवशी फोन करीन. तो फोन मी करीन, तू नाही.”

“आणि बाबांना काही झालं तर?”

“बाबांनी इथं दोघांचं जेवण एकट्यानं संपवलंय. त्यांना व्हायचं ते झालं.”

मुलाला हसू आलं की रडू, ते तिला कळलं नाही. मग मागून सुनेचा आवाज आला. ती त्याला काहीतरी म्हणत होती, आणि मग तीच फोनवर आली. गोळी कुठली दिली ते विचारलं, नाव लिहून घेतलं, आणि जरा थांबून म्हणाली, “आई, मी असते ना, तर खोटं बोलले असते.” टाचणी म्हणाली, तुझं वय आहे अजून.

फोन ठेवल्यावर लिफ्टमन खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर ढग फलाटावर येऊन थांबले होते, उतरावं की नाही असा विचार करत असल्यासारखे. वळून तो म्हणाला, की मला वाटलं होतं जिंकून घर घ्यावं.

“आपलंच होतं,” ती म्हणाली. “जिंकायचं कोणाकडून?”

तो खाटेच्या कडेवर बसला. तिच्या उघड्या पायांवर त्यानं आपला कोट टाकला, उसवलेल्या अस्तरासकट. संध्याकाळी तिनं एक बिस्किट खाल्लं आणि ते राहिलं. उजेड होता तेवढ्यात तिनं सुई काढली आणि अस्तर पुन्हा शिवलं. आत काही न घालता.

सकाळी डोकं उतरलं होतं. ती उठली, जिन्याच्या तीन पायऱ्या चढून दवाखान्यात गेली, डॉक्टरला नखं दाखवली आणि परवानगी घेऊन आली. कालचीच गाडी आज पुन्हा कुरकुरत आली. त्यांना जागा मिळाली नाही. एका मजुरानं आपली पेटी बसायला दिली, तिच्यावर टाचणी बसली आणि लिफ्टमन तिच्या मागे उभा राहिला. झाडं बारीक होत गेली, मग खुरटी झाली. हवेला धार आली. एका वळणावर डोंगर एकदम बाजूला सरला आणि पलीकडे पांढरं काहीतरी दिसलं. तिला आधी ते ढगच वाटले. मग कळलं, की ते हलत नाहीत. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर होता, त्यानं तो जरासा दाबला, एवढंच.

शेवटच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर चढ होता. ती दहा पावलं चाले आणि थांबे, उघडपणे, कठड्याला पाठ टेकून. तोही तिच्या शेजारी उघडपणे थांबू लागला. मागून येणारे त्यांना वळसा घालून पुढे गेले. त्यांनी जाऊ दिलं.

लॉज चालवणारी बाई एक दिवस उशीर झाला म्हणून फणकारली, मग टाचणीचा चेहरा बघून गरम पाणी घेऊन आली आणि वही पुढे सरकवली. नाव, पत्ता, वय, किती दिवस. लिफ्टमन लिहीत होता. शेवटच्या रकान्यावर, ‘अडचण आल्यास कोणाला कळवावे’, त्यानं सवयीनं मुलाचं नाव लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर झालं होतं. टाचणीनं त्याच्या हातातून पेन घेतलं, त्या अक्षरावर एक सरळ रेघ मारली आणि त्याच्या नावासमोर आपला नंबर लिहिला. आपल्या नावासमोर त्याचा.

बाईनं वही उलटी करून वाचली. “असं नाही चालत हो. तुम्ही तर दोघं एकाच खोलीत राहणार. बाहेरचं कोणीतरी लागतं.”

“का?”

“समजा, काही झालं. तर मी कळवायचं कोणाला?”

“आम्ही दोघं असताना काही झालं, तर आम्हाला कळेलच की,” टाचणी म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. “आणि वरची खोली असेल तर वरची द्या.”